ऊर्जा सांख्यिकी, जागतिक

ऊर्जा सांख्यिकी, जागतिक : निरनिराळ्या देशांतील ऊर्जासाधनांचे उत्पादन, आयात-निर्यात, साठे व उपभोग यांविषयी प्रतिवर्षी संकलित करण्यात येणारी आकडेवारी. तेल, कोळसा व नैसर्गिक वायू यांचे दीर्घ मुदतीचे करार, भांडवल-गुंतवणूक आणि सरकारी धोरणे बव्हंशी या आकड्यांवर आधारलेली असतात. तथापि हे आकडे तराजूत तोलून मिळत नाहीत. त्यांमागे व्याख्या, गृहीते आणि संबंधित सरकारांची निवेदने असतात.

पुढे ब्रिटिश पेट्रोलियम या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने १९५२ मध्ये असा वार्षिक आढावा प्रथम काढला. २०२३ पासून तो लंडनची एनर्जी इन्स्टिट्यूट प्रसिद्ध करते. संयुक्त राष्ट्रांचे संकलनही तितकेच जुने आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर आयातदार देशांनी नोव्हेंबर १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा अभिकरण स्थापिले व विश्वसनीय माहितीचे संकलन हे त्याचे एक प्रमुख कार्य ठरले.

भिन्न इंधनांची बेरीज करण्यासाठी ‘टन तेल-समतुल्य’ (१ कोटी किलोकॅलरी) हे परिमाण वापरतात. कोळशाच्या बाबतीत केवळ वजन फसवे असते. प्रमाण कोळशाचे उष्मांकमूल्य किलोग्रॅमला ७,००० किलोकॅलरी धरतात. राखेचे प्रमाण अधिक असलेल्या भारतीय कोळशाचे ते पुष्कळदा ४,००० च्या आसपासच असते. विजेच्या बाबतीत घोटाळा याहून मोठा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा अभिकरणाच्या पद्धतीत १ अब्ज किलोवॉट-तास जलविद्युत् म्हणजे सु. ८६,००० टन तेल, तर तितकीच अणुविद्युत् म्हणजे सु. २,६०,००० टन, कारण अणुकेंद्रात निर्माण झालेली सर्व उष्णता हिशेबात घेऊन कार्यक्षमता ३३ टक्के मानली जाते. ग्राहकाच्या दिव्याला अर्थातच हा भेद कळत नाही. जागतिक ऊर्जेत जलविद्युतेचा वाटा किती, हे सांगताना पद्धतीचा उल्लेख न केल्यास उत्तर निरर्थक होते.

साठ्यांचे आकडे सर्वांत सावधपणे वाचावे लागतात. तेलनिर्यातदार देशांच्या संघटनेत (ओपेक) उत्पादनाचे कोटे ठरू लागल्यानंतर, १९८० ते १९९० या दशकात, अनेक सदस्य देशांनी आपले सिद्ध साठे एकाएकी वाढवून दाखविले. सौदी अरेबियाचा आकडा १९९० च्या सुमारास सु. १७० अब्ज बॅरलांवरून २५० अब्जांच्या पुढे गेला. कोट्यातील वाटा वाढविणे हा यामागील हेतू असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. कुवेतचा आकडा तर पुढे प्रतिवर्षी उपसा चालू असूनही अनेक वर्षे १०१.५ अब्ज असाच छापला गेला. वार्षिक आढाव्यांत हे आकडे बहुधा संबंधित देशांच्या निवेदनांवरूनच घेतलेले असतात.

जुने आकडेही स्थिर राहत नाहीत. २०१३ च्या आर्थिक गणनेनंतर चीनने आपल्या कोळशाच्या खपाचे आकडे सुधारले; २०१२ सालचा खप सु. ६० कोटी टनांनी वाढला. ही वाढ भारताच्या त्या वर्षीच्या दगडी कोळशाच्या उत्पादनाच्या जवळपास होती. म्हणून दोन वर्षांची तुलना एकाच, शक्यतो अद्ययावत, आवृत्तीवरून करावी.

बाजारात न येणारे सरपण व गोवऱ्या यांची नोंद केवळ अंदाजाने होते आणि काही संकलनांत ती नसतेच. त्यामुळे भारतातील एखाद्या घरी चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली, की व्यापारी ऊर्जेचा खप वाढलेला दिसतो. वास्तविक उघड्या चुलीत वाया जाणारी बरीचशी उष्णता त्या घरी वाचलेली असते.