किलिमांजारो : पायांची तयारी आणि रक्ताची

किलिमांजारोच्या तयारीसाठी मी सहा महिने दर रविवारी पाठीवर दहा किलो वजन घेऊन सह्याद्रीत चढलो. त्याने पाय आणि दम तयार झाला. पण उंचीची सवय इथे होऊ शकत नाही, हे साध्या आकड्यांवरून कळते. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. टांझानियातल्या मारंगू वाटेचे प्रवेशद्वारच त्याहून उंचावर आहे. तिथून ५,८९५ मीटरवरचे उहुरू शिखर गाठायचे असते.

शिखरावरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. मात्र हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तितकाच कमी. शरीर आधी श्वासाची गती वाढवते. त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि हा बदलच वाढत्या श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकून तो लगाम सैल करतात. पण या कामाला दिवस लागतात. पायांतली ताकद त्यात काहीच मदत करत नाही.

म्हणून गिर्यारोहण-वैद्यकाचा सल्ला असा : ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. मारंगू वाटेवरचे मुक्काम मात्र मंडारा २,७२०, होरोंबो ३,७२० आणि किबो सुमारे ४,७२० मीटरवर आहेत. उद्यानाचे शुल्क दिवसागणिक असल्याने पाच दिवसांची मोहीम स्वस्त पडते. ही बचत शरीराच्या वेळेतून होते. होरोंबोला एक जादा मुक्काम करावा, किंवा लेमोशो वाटेने आठ दिवस घ्यावेत. मी आठ दिवसांची मोहीम निवडली. त्या वाटेवर दुपारी सुमारे ४,६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढून रात्री बरांको तळावर, सहाशेहून अधिक मीटर खाली, झोपायचे असते.

असिटाझोलामाइड ही गोळी मूत्रपिंडांचे काम लवकर सुरू करते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. पण बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, तर फुप्फुसांत पाणी किंवा मेंदूला सूज असू शकते. तेव्हा खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. अशा वेळी आजाऱ्याची विचारशक्तीच मंदावलेली असते, म्हणून परत फिरण्याचा निर्णय वाटाड्याचा आणि तो अंतिम, हे निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे.

तिथले वाटाडे सतत म्हणतात, ‘पोले पोले’. हे स्वाहिलीतले ‘हळू हळू’. मूत्रपिंडांची गतीही तीच असते.