एच-इंडेक्स म्हणजे काय? आणि तो काय सांगत नाही?

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न मेडिकल कॉलेजांतही शिक्षकांच्या बढतीसाठी शोधनिबंध पाहिले जातात. जगभर त्यासोबत आणखी एक आकडा बघतात, एच-इंडेक्स. होर्हे हर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला. एच-इंडेक्स २० म्हणजे २० निबंध असे, ज्यांचा प्रत्येकी किमान २० वेळा संदर्भ दिला गेला.

मग अडचण काय? भारतीय वंशाचे भरत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये एमआरआयवर दाखवलं की, आपण शांत पडून असतानाही मेंदूतले हालचालीचे भाग एकमेकांशी ताळमेळ ठेवतात. सुरुवातीला अनेकांना शंका होती. पुढे याच निबंधाचा संदर्भ हजारो वेळा दिला गेला. तरी एच-इंडेक्समध्ये तो मोजला जातो एकच!

म्हणून आकडा बघा, पण त्यामागचं कामही वाचा.