घराचे ऋण आणि घराचे सुख

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण टेंभुर्णीत कोणाला सांगायला नको. दोन्ही कार्यांत शहाण्या माणसाचाही अंदाज चुकतो, असा तिचा अर्थ. आजच्या काळात तिला आणखी एक शेपूट जोडावे लागेल: बांधलेले घर सोडवून पाहावे. गवंडी आपली थापी-ओळंबा घेऊन वर्षाच्या आत निघून जातो. घर सोडविण्याचे काम मात्र पुढे पंधरा-वीस वर्षे चालते. या दुसऱ्या कामाविषयी तीन प्रश्न आज आपल्यापुढे आहेत. घरावरचे कर्ज मुदतीपूर्वी फेडणे फायद्याचे आहे काय? आपल्यासारख्यांना ते शक्य आहे काय? आणि ते फेडत असताना त्याच घरात आनंदाने राहता येते काय?

प्रथम गहाण म्हणजे काय ते पाहू. वसंत व्याख्यानमाला आणि गहाणखत यांचा एक जुना योग आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच वर्षी, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे आणि दस्तऐवज हिसकावले व त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारने चौकशी नेमली आणि तिच्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा निघाला. जाफराबाद-जालन्याचा आपला मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तसाच राहिला. त्यामुळे इंग्रजी मुलखातील त्या कायद्याचा आधार इकडे पोहोचला नाही. कागदाची भीती मात्र दोन्हीकडे सारखीच होती.

गहाणाचे तीन प्रकार जुन्या माणसांच्या तोंडी असत. जमीन किंवा घर आपल्याच ताब्यात ठेवून नुसते लिहून द्यायचे ते नजरगहाण. ताबा सावकाराला द्यायचा आणि उत्पन्न त्याने खायचे ते ताबेगहाण. अमुक मुदतीत पैसे दिले नाहीत तर विक्री पक्की, ती मुदतखरेदी. तिसऱ्या प्रकारात अनेकांची घरे-वावरे गेली. आज लागू असलेला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा या बाबतीत कर्जदाराच्या बाजूने एक मोठी गोष्ट सांगतो. कर्जाची रक्कम देऊन गहाण सोडवून घेण्याचा हक्क मूळ मालकाला आहे आणि गहाणखतातल्या एखाद्या चलाख कलमाने तो बुडविता येत नाही. पैसे देऊन सोडवता येते म्हणूनच त्याला गहाण म्हणतात.

बँक आज जे गहाण करून घेते ते बहुधा चौथ्या प्रकारचे असते. मालकीचे मूळ कागद बँकेत ठेवायचे आणि घरात आपण राहायचे. गावठाणातल्या घरांना आजवर हा मार्ग अवघड होता. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव असे, पण तो कर आकारणीचा उतारा. बँकेला तेवढ्याने समाधान होत नसे. केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन घराची मिळकत पत्रिका मिळते. ही पत्रिका दाखवून कर्ज मागता येते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराला धड कागद नव्हता त्याला तो मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण हातात आलेला तो पहिलाच कागद आपण बँकेच्या तिजोरीत ठेवणार असू, तर तो परत कसा व केव्हा आणायचा याचा हिशेब त्याच दिवशी मांडला पाहिजे.

आता आकड्यांकडे वळू. समजा, जुने माळवद पाडून स्लॅबचे घर बांधण्यासाठी एका गृहस्थाने १० लाख रुपये कर्ज घेतले. दर साल शेकडा ९, मुदत २० वर्षे. मासिक हप्ता बसतो सुमारे ८,९९७ रुपये. पहिल्या महिन्याचे व्याज होते ७,५०० रुपये. म्हणजे जवळजवळ ९,००० रुपये भरले, त्यातले मुद्दलाला लागले अवघे १,४९७. वर्षभरात तो १ लाख ८ हजारांच्या आसपास भरतो. मुद्दल कमी होते १८,७२७ रुपयांनी. अर्धे मुद्दल फिटायला १४ वर्षे लागतात! वीस वर्षांत एकूण भरणा २१ लाख ५९ हजार. दहा लाखांचे घर आणि साडेअकरा लाखांहून अधिक व्याज.

यात बँकेची काही लबाडी नाही. उरलेल्या मुद्दलावर व्याज, हा सरळ हिशेब आहे. सुरुवातीला मुद्दल मोठे म्हणून व्याज मोठे. पण याच सरळपणात आपल्या सुटकेची किल्ली आहे. हप्त्याखेरीज जो रुपया आपण भरतो तो सबंध मुद्दलात जमा होतो आणि त्या रुपयावरचे पुढच्या सगळ्या वर्षांचे व्याज थांबते. त्या गृहस्थाने पहिल्या वर्षाअखेर ५०,००० रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज सुमारे सव्वादोन वर्षे आधी फिटते आणि व्याजाचे जवळजवळ २ लाख रुपये वाचतात. हेच ५०,००० त्याने चौदा वर्षांनी भरले तर वाचतात सुमारे ३३ हजार. रक्कम तीच, कर्जही तेच; फरक फक्त वेळेचा. ‘पुढे पगार वाढला, मुले हाताशी आली, की एकदम फेडून टाकू’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

ज्याच्याजवळ ५०,००० नाहीत त्याने दरमहा १,००० रुपये जादा भरले, म्हणजे दिवसाला ३३ रुपये, तरी वीस वर्षांचे कर्ज साडेपंधरा वर्षांत संपते आणि सुमारे ३ लाख रुपये वाचतात. थेंबे थेंबे तळे साचते हे आपण ऐकत आलो. थेंबे थेंबे आटते तेही तळेच असते.

येथे कोणी म्हणेल, दरमहा पैसे यायला आम्ही काय नोकरदार आहोत? शंका रास्त आहे. आपल्या भागातली मिळकत पावसाच्या हातात. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरी येते, कापूस त्यानंतर. उन्हाळ्यात हात रिकामा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने मोसंबीच्या बागा वाळताना पाहिल्या. अशा घराने हप्ता आधीच बेताचा ठरवून घ्यावा, म्हणजे वाईट वर्षातही तो पेलेल. आणि चांगल्या वर्षी माल विकल्यावर एकरकमी जादा भरणा करावा. दरमहा १,००० ऐवजी दिवाळीनंतर १२,००० भरले तरी हिशेबात फारसे बिघडत नाही. मात्र माल विकल्याबरोबर भरावे. शिमग्यापर्यंत थांबलेला पैसा घरात टिकत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

नियमही यात अनुकूल आहेत. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना बजावले. जादा रक्कम भरताना बँक विचारते, हप्ता कमी करू की मुदत? मुदत कमी करा असे लेखी सांगावे. हप्ता कमी केल्याने आजचा दिवस सोपा होतो, पण व्याजाची मोठी बचत मुदत घटविण्यातच होते. दर वाढतो तेव्हा अनेकदा हप्ता तसाच राहून मुदत गुपचूप लांबते. म्हणून वर्षातून एकदा खाते-उतारा मागून किती हप्ते उरले ते पाहावे. पतसंस्थांचा कारभार सहकारी संस्थांच्या कायद्याखाली चालतो. तिथे कर्ज घेताना दंडाचा आणि व्याज-आकारणीचा नियम सही करण्यापूर्वीच वाचून घ्यावा.

परंतु घाई करू नये अशीही ठिकाणे आहेत. पहिले, शेकडा दोन-तीन रुपये महिना अशी हातउसनी रक्कम किंवा सावकारी कर्ज डोक्यावर असेल, तर आधी ते मिटवावे. शेकडा दोन म्हणजे साल अखेर शेकडा चोवीस. त्यापुढे घरकर्ज स्वस्तच आहे. दुसरे, पीककर्ज वेळेवर फेडले तर सरकारी सवलतीमुळे त्याचे व्याज फार थोडे उरते. ते मुदतीत भरावे, त्याचा पैसा इकडे ओढू नये. तिसरे, सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी रक्कम हाताशी राहू द्यावी. सगळी शिल्लक मुद्दलात भरली आणि पुढच्या महिन्यात दवाखाना लागला, तर बँक भरलेले पैसे परत देत नाही. हप्ता ९० दिवस थकला की खाते बुडीत सदरात जाते, आणि २००२ च्या कायद्याप्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन बँक घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. त्या कायद्यात शेतजमिनीला सूट आहे; राहत्या घराला नाही. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या शेतीच्या कर्जांसाठी होत्या. घरकर्ज माफ होईल या आशेवर कोणी बसू नये.

कित्येक नोकरदार सांगतात, आयकरात सूट मिळते म्हणून कर्ज ठेवलेलेच बरे. जुनी करपद्धती निवडणाऱ्याला राहत्या घराच्या २ लाखांपर्यंतच्या व्याजावर वजावट मिळते हे खरे. पण शेकडा वीसच्या टप्प्यातल्या माणसाचे एक रुपया व्याजामागे वीस पैसे वाचतात. उरलेले ऐंशी त्याच्या खिशातून जातातच. वीस पैशांसाठी रुपया खर्च करणे याला बचत म्हणता येत नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच मुख्य. जादा पैसा आणायचा कोठून? ‘काटकसर करा’ हे उत्तर सोपे आहे. पण ती कोणाच्या पानातून करायची, हे कोणी सांगत नाही. पुष्कळ घरांत काटकसर पुरुष जाहीर करतो आणि बाई ती सोसते. तिचे लुगडे लांबणीवर पडते, तिचे दुखणे अंगावर निघते, पोरांचे दूध पाणीदार होते. आणि चौकातला चहा, पान, मोटारसायकलची हौस तशीच राहते. अशा रीतीने घर लवकर सुटेल, पण त्यात राहणारी माणसे झिजलेली असतील. म्हणून जादा भरणा किती करायचा, हे नवरा-बायकोने एकत्र बसून, वही उघडून ठरवावे. अन्न, औषध, शिक्षण या तीन खात्यांना हात लावायचा नाही, एवढे आधी लिहावे आणि मग उरलेली खाती तपासावीत.

तपासली म्हणजे दिसते की घराला बुडविणारा खर्च रोजचा नसतोच. भाकरी, पिठले, ठेचा, वरणभात यांनी कोणी कर्जबाजारी झालेले ऐकिवात नाही. बुडविते ते ऋण काढून केलेले सण, बारसे आणि वाढदिवसाचे मंडप, लग्नातली हजार-दोन हजार पाने, शेजाऱ्याने घेतली म्हणून हप्त्यावर आणलेली गाडी. यांतला खर्च लोकांच्या डोळ्यांसाठी असतो. त्यातला चौथा हिस्सा जरी वळविला, तरी वर सांगितलेले १२,००० रुपये कोणाच्याही तोंडचा घास न काढता उभे राहतात.

आणि साधे राहणे म्हणजे कोरडे राहणेही नव्हे. ज्या घरासाठी एवढे ऋण काढले त्याचा उपभोग घेणे हीच सर्वांत स्वस्त करमणूक आहे. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि राखणीला बसलेली पोरे. संध्याकाळी अंगणात सडा टाकल्यावर येणारा मातीचा वास. रात्री बाजेवर पडून म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी. थंडीत वावरात हुरड्याची आगटी. पाहुणा आला तर त्याच्यासाठी वाढवलेली एक भाकरी. यांपैकी कशालाही बँकेची परवानगी लागत नाही. ज्याला आपल्या ओट्यावर बसून समाधान वाटते, त्याला बाजारात जाऊन ते विकत आणावे लागत नाही, आणि तेवढे पैसे आपोआप मुद्दलाकडे जातात. काटकसर आणि सुख यांची अशी गाठ पडली म्हणजे कर्जफेडीचे ओझे सगळ्यांच्या खांद्यांवर वाटले जाते.

शेवटचा हप्ता भरल्यावर काम संपले असे समजू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण फेड झाल्यावर बँकेने घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आहेत आणि आपल्या चुकीने उशीर केला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची आहे. कर्ज निरंक झाल्याचा दाखला घ्यावा, कागद मोजून घ्यावेत, आणि त्या दाखल्यावरून मिळकत पत्रिकेवरचा किंवा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा कमी करून घ्यावा. कर्ज फिटले पण बोजा तसाच राहिला, तर मुलांना वाटणीच्या वेळी हेलपाटे पडतात.

गुढीपाडव्याला आपण नव्या वर्षाचा जमाखर्च सुरू करतो. ज्यांच्या घरावर कर्ज आहे त्यांनी या वर्षीच्या वहीत पहिल्या पानावर तीन आकडे लिहावेत: आज उरलेले मुद्दल, उरलेले हप्ते आणि या वर्षी करावयाचा जादा भरणा. तिसरा आकडा लहान असला तरी चालेल. मात्र तो घरातल्या सर्वांना विचारून लिहिलेला असावा.