डाव्या बाजूचे भान

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात पूर्वेच्या गोपुरातून आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे उत्तरेस, बृहन्नायकी अम्मनचे मंदिर आणि पुढे वायव्येस सुब्रह्मण्याचे देवालय लागते. डाव्या हाताला नैर्ऋत्येस गणपती आहे, आणि त्याच बाजूस भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा, १८०३ साली कोरविलेला प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. समजा, या आवारात आयुष्य घालविलेल्या एखाद्या वृद्धाच्या मेंदूच्या उजव्या अर्धाला रक्तस्रावाने इजा झाली. घरी अंथरुणावर असलेल्या या वृद्धास, आपण गोपुरात उभे आहोत असे कल्पून मंदिराचे वर्णन करावयास सांगितले, तर तो अम्मन व सुब्रह्मण्य सांगेल. गणपती आणि शिलालेख गाळील. मग पश्चिम भिंतीला पाठ लावून पूर्वेकडे पाहत असल्याची कल्पना करावयास सांगावे. आता गणपती आणि शिलालेख परत येतात, आणि अम्मन नाहीशी होते.

वृद्ध कल्पित आहे, प्रयोग नव्हे. १९७८ साली बिसिआक आणि लुझ्झात्ती या इटालियन संशोधकांनी मिलानच्या कॅथेड्रलपुढील चौकाबाबत दोन रुग्णांना हेच विचारले, आणि दोघांच्याही वर्णनांतून प्रत्येक वेळी डावी बाजू गळाली. गळालेली इमारत दुसऱ्या वर्णनात सापडते, तेव्हा स्मृती नष्ट झालेली नाही हे उघड आहे. हरवते ते त्या क्षणीच्या डाव्या बाजूचे भान.

वैद्यकात या विकारास 'निग्लेक्ट' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'दुर्लक्ष' हा शब्द सहज सुचतो. परंतु त्यात हेतूचा वास आहे, आणि रुग्णाचे घरचे लोक नेमका तोच अर्थ घेतात. डाव्या बाजूस बसलेल्या मुलीशी बाप बोलत नाही, म्हणून ती रागावते. 'भान' हा शब्द अधिक न्याय्य आहे. भान नसणाऱ्यास भान नसल्याचेही भान नसते.

ही व्यथा डोळ्याची नव्हे. दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे तंजावरात जतन झाली आहेत. तशा टिपणात या रुग्णाचा डोळा निर्दोषच दिसला असता. अर्धे दृष्टिक्षेत्र गमावलेला मनुष्य उणीव ओळखून मान वळवितो. हा रुग्ण मान वळवीत नाही, कारण तिकडे वळावे असे काही उरलेलेच नसते. त्याच्यापुढे पान वाढले तर उजवीकडची भाजी संपते. डावीकडचे मीठ, चटणी, कोशिंबीर तशीच राहते, आणि पान अळणी असल्याची तक्रार मात्र होते. पानाच्या 'डाव्या बाजू'ला स्वतंत्र नाव असलेल्या मराठी घरात तरी ही खूण लवकर ओळखता यावी.

वाचनात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, आणि भाषाभ्यासकांचा संबंध येथेच येतो. काही रुग्ण ओळ मध्यापासून वाचू लागतात. काहींच्या वाचनातून शब्दाचा आरंभ गळतो, 'महाल'चा 'हाल' होतो. रोमन लिपीत डावीकडचे अक्षर हेच आधी उच्चारले जाणारे अक्षर. त्यामुळे हानी स्थानाची की ध्वनिक्रमाची, हे अशा चुकीवरून सांगणे कठीण. देवनागरीतील ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे लिहितात, पण उच्चारतात व्यंजनानंतर. 'दिशा' या शब्दाची 'दशा' झाली, तर ध्वनिक्रमातील पहिला वर्ण शाबूत राहून पानावरील डावे चिन्ह तेवढे गेले, असा स्पष्ट पुरावा मिळेल. तमिळमध्ये ए, ऐ यांची चिन्हे व्यंजनाच्या डावीकडे असतात आणि ओकाराचे चिन्ह तर व्यंजनाला दोन्ही बाजूंनी वेढते. डावा भाग गळाला की ओकाराचा आकार होतो. मराठी व तमिळ दोन्ही वाचणारा तंजावरचा रुग्ण म्हणूनच दोन्ही लिप्यांत तपासला पाहिजे. परकीय लिपीसाठी रचलेली चाचणी नुसती भाषांतरित करून हे हाती लागणार नाही.

उपचारातील एक साधन अगदी साधे आहे. ओळींच्या डाव्या टोकाला ठळक तांबडी उभी रेघ ओढतात. ती दिसेपर्यंत नजर मागे न्यावयाची आणि मगच वाचू लागावयाचे, असा सराव करवितात. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत समासाची अशी तांबडी रेघ अनेकदा आधीपासूनच ओढलेली असते.