फोडणी चालते का?

सकाळचे सात वाजलेत. अमरावतीच्या घरात ओट्याच्या एका टोकाला मामींचा चहा उकळतोय, दुसऱ्या टोकाला मामा मुगाची पुरचुंडी सोडताहेत. जानेवारीच्या थंडीत मोड लवकर येत नाहीत, म्हणून पुरचुंडी रात्रभर जुन्या शालीत गुंडाळून ठेवलेली. मोड अर्ध्या नखाएवढे आलेत. मामा खूश. बाजूला किसलेलं गाजर, मुळा, भिजवलेले फल्लीदाणे, मूठभर सांभार आणि लिंबू. दिवाळी झाल्यापासून त्यांनी शिजवलेलं सोडलंय. दूध तापवावं लागतं म्हणून दूध बंद. दूध नाही म्हणून दही नाही, दही नाही म्हणून ताक नाही. डॉक्टरांनी बी-१२ची गोळी लिहून दिली आहे. ती कच्ची की शिजलेली, हे मामी विचारून मोकळ्या झाल्यात.

मामा निवृत्त मास्तर, त्यामुळे पुराव्याशिवाय घास घेत नाहीत. त्यांच्या वहीत गांधीजींच्या १९२९च्या कच्च्या आहाराचं माप उतरवलेलं आहे: आठ तोळे मोड आलेले गहू, आठ तोळे वाटलेले बदाम, आठ तोळे कुटलेला हिरवा पाला, सहा लिंबं, दोन औंस मध. खाली सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींचं नाव. १९४२ साली चिमूरच्या अत्याचारांविरुद्ध ६३ दिवस उपोषण केलेले हेच ते भन्साळी. ते कच्चं पीठ पाण्यात कालवून कडुनिंबाच्या पाल्यासोबत खात.

"आणि गांधीजींनी ऑगस्टात सोडलं, ते नाही लिहिलं?" चहा गाळता गाळता मामी विचारतात. त्याच वर्षी ऑगस्टात आव लागून प्रयोग थांबवावा लागला होता. मामा वही मिटतात.

आज अकोल्याला जायचंय. ताईच्या सासरी हळदीकुंकू आहे. वाटेत दर्यापूरकडच्या एका मित्राच्या वावरात थांबायचं, हा मामांचा हट्ट. मला तर वाटतं, या वावरासाठीच ते निघालेत.

हा सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, खोल, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. "या पाण्यात मूग भिजवले तर मोड येतच नाही बाप्पा," मामांचे मित्र सांगतात. प्यायला शहानूर धरणाचं नळाचं पाणी. ओलित नाही, म्हणून रब्बीला सगळीकडे हरभरा. मुरलेल्या ओलाव्यावर उभा आहे, गुडघाभर, घाट्यांनी लदलेला.

दव अजून सुकलेलं नाही. तासातून चालताना पोटऱ्या चुरचुरतात. पाल्यावरची आंब लागतेय. पूर्वी म्हाताऱ्या बाया रात्री पिकावर फडकं पसरत, सकाळी पिळून ती आंब बाटलीत भरून ठेवत. पोटदुखीवर द्यायला. मामा एक डहाळी उपटून तिथेच उकिडवे बसतात. अंगठ्याच्या नखाने घाटा फोडायचा, हिरवा दाणा तोंडात, टरफल मागे. फट, फट, फट. दाणा गोड, ओठाला लागलेली आंब आंबट. मीठमसाला काही लागतच नाही. मीही बसतो. माझी निम्मी डहाळी होते तोवर त्यांच्या दोन झालेल्या असतात.

तेवढ्यात धुऱ्यावर पोरांनी काड्या पेटवल्यात. डहाळ्याच्या डहाळ्या जाळावर. हुळा! घाटे तडतडतात, पाला जळून जातो, धूर थेट आमच्याकडे येतो. खरपूस, किंचित कडवट वास. मामांचं फट फट थांबतं.

"मास्तर, तुम्ही कच्चे हाणा, आम्ही भाजून हाणतो," मित्र हाक मारतात.

मामा हसतात, जागचे हलत नाहीत. पण डोळे जाळावर. मामी राखेतून घाटे वेचतात, तळहातावर चोळून फुंकर मारतात आणि एकही शब्द न बोलता त्यांच्या समोर बसून खातात. ओठ काळे, बोटं काळी. इतकी सरळ लढाई मी कुठल्या घरात पाहिलेली नाही.

या दिवसांत वऱ्हाडात कच्चं खाणं म्हणजे मोठा त्याग वगैरे नव्हेच. घाटे आहेत, गाजरं आहेत, बोरं आहेत, मोर्शी-वरुडकडची मृगाची संत्री यायला लागली आहेत. वावरात काम करणारी माणसं दिवसभर हेच तोंडात टाकत असतात आणि त्याला आहार म्हणत नाहीत. खरी परीक्षा एप्रिल-मेची. अकोल्याचा पारा पंचेचाळीसवर गेला की पालेभाजी सकाळी दहालाच मान टाकते. मग उरतात काकडी, कांदा आणि कैरी. मामांना हे सांगावं असं वाटतं, पण ते दहावी डहाळी सोलताहेत.

अकोल्यात पोचतो तेव्हा जेवणं चाललीत. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. रोडग्यावर तुपाची धार. मामांच्या ताटात विहीणबाई रोडगा ठेवणार, तोच मामा ताटावर आडवा हात धरतात. खोलीतलं बोलणं एकदम कमी होतं.

"काऊन भाऊ? आमच्या हातचं चालत नाही काय तुमाले?"

"तसं नाही बाई. मी शिजवलेलंच खात नाही."

"म्हंजे? घरी चूल पेटत नाही?"

दारात कुणीतरी चुकचुकतं. चूल न पेटणारं घर म्हणजे एक तर फाका पडलेलं, नाही तर सुतकातलं. ताई माझ्याकडे बघते, मी वांग्याकडे.

"पेटते ना," मामी म्हणतात. "माही पेटते."

हशा होतो. विहीणबाई मात्र हसत नाहीत. पाहुणा उपाशी जाणार, हे त्यांच्या डोक्यातून उतरत नाही. त्या आत जातात. विळीचा आवाज येतो. दहा मिनिटांनी वाडग्यात काकडी, मुळा, सांभार, कच्चा कांदा, दाण्याचं कूट, लिंबू. मामांचा चेहरा उजळतो. चमचा उचलणार इतक्यात विहीणबाईंच्या मागून सून पळी घेऊन येते आणि वाडग्यावर चर्र करून ओतते. मोहरी, हिंग, हिरवी मिरची. वास घरभर.

मामा चमचा हातात धरून बसतात. वही इथे नाही.

"आता हे काय शिजवणं झालं काय भाऊ?" विहीणबाई कमरेवर हात ठेवून विचारतात. "नुसतं वरून टाकलं. खालचं कच्चंच हाय."

मामा मामींकडे बघतात. मामी रोडगा कुस्करून वरणात कालवताहेत, मान वर करत नाहीत. "मले काय विचारता? मी तर सगळंच खातो," म्हणतात.

मामा एक चमचा खातात. मग दुसरा. वाडगं तिरपं करून तळाचं फोडणीचं तेल मुळ्याच्या फोडीने पुसून घेतात, तेव्हा विहीणबाई न विचारता पुन्हा वाढतात, आणि आतल्या सुनेला ओरडून सांगतात, "पळी आण वं! या खेपेला लसूणबी टाक!"