आठ ग्रॅमची पुडी

रात्रीचे तीन वाजून दहा मिनिटं. लेकीच्या मानेखाली हात घातला तर उशी ओली. उकाड्याचा घाम कोमट असतो. हा गार असतो, चिकट. चार वर्षांत हाताला तो फरक कळायला लागलाय. दिवा लावला, बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. ५८.

७० च्या खाली गेली की शुगर लो. तिच्या उशाशी एक डबी असते आणि डबीत कागदाच्या पुड्या. दर रविवारी दुपारी ओट्यावरच्या छोट्या काट्यावर ग्लुकोज पावडर तोलून मी त्या बांधते, प्रत्येकी ८ ग्रॅम. मोठ्या माणसाला १५ ग्रॅम लागतात, मुलांना वजनाच्या किलोमागे ०.३ ग्रॅम धरायचे. ती २७ किलोची आहे. एक पुडी थोड्या पाण्यात कालवून पाजली. "नको गं आई," म्हणून तिनं तोंड फिरवलं, हात झटकला. मेंदूला साखर कमी पडली की मूल असं चिडतं. सुरुवातीला हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसांत हट्टी समजून मी तिला रागावले होते, त्याचं अजून वाईट वाटतं.

मग १५ मिनिटं थांबायचं. या सगळ्यात अवघड काम तेच. हात आपोआप फ्रिजकडे जातो, पेढा दिसतो, चॉकलेट दिसतं. पण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, आणि आपल्याला हवी असते ती आत्ता, या मिनिटाला. घाबरून एकापाठोपाठ तीन पुड्या पाजल्या तर सकाळी मीटरवर ३०० उभे. पहिल्या वर्षी या दोन्ही चुका माझ्याकडून झाल्या. आता मी तिचा तळवा हातात घेऊन घड्याळाकडे बघत बसते. तीन पंचवीसला दुसऱ्या हाताचं बोट, तेही ओल्या फडक्यानं पुसून. बोटाला ग्लुकोज लागलेलं असलं तर मीटर खोटाच मोठा आकडा दाखवतो. ९४. अर्धा कप दूध दिलं. ती लगेच झोपली. मी नाही.

कारण मला संध्याकाळीच सुचायला हवं होतं. शाळेत खो-खोचा सराव दोन तास चालला होता. खेळून रिकामे झालेले स्नायू नंतर कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, रक्तातली साखर ओढून घेत राहतात. अशा रात्री इन्सुलिन किती कमी करायचं ते डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, आणि मी विसरले होते. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे: मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन द्यायचं, दवाखाना गाठायचा. अजून तो वापरावा लागलेला नाही. तरी येता-जाता वाचते.

ती सहा वर्षांची असताना खूप पाणी प्यायला लागली, अंथरूण ओलं करायला लागली, वाळली. टाइप १ मधुमेह. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीरानंच नष्ट केल्या होत्या; तिच्या खाण्याचा त्यात काहीही दोष नव्हता. पण घरी येणारा प्रत्येक जण म्हणे, "आता गोड बंद करा. भातही बंद." कुणी कारल्याचा रस सुचवला. हे लोक प्रेमानंच बोलत होते. पण मुलांना उपाशी ठेवून दिवस वाढवणं हा इन्सुलिनच्या आधीच्या काळातला नाइलाज होता. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं आणि तो नाइलाज संपला. वाढत्या मुलाला भात हवा, भाकरी हवी, दूध हवं. आपण फक्त मोजायचं.

शाळेत मात्र मोजणं पुरत नाही. एकदा वर्गात तिचे हात थरथरायला लागले. तिनं पुडी काढली तर "मधल्या सुट्टीत खा," असं सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन बसले. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्येच सांगितलंय की अशा मुलांना वर्गात शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधे खाऊ द्यावं. ते दाखवलं, आणि एक गोष्ट विनवून सांगितली: शुगर लो झाली असताना तिला एकटीला जिन्यावरून ऑफिसात पाठवू नका. आता बाईंच्या टेबलाच्या खणातही तीन पुड्या असतात, आणि शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला तो खण ठाऊक आहे.

गणपतीत पहिल्या वर्षी माझ्या सासूबाईंनी मोदकांचं ताट नातीच्या नजरेआड ठेवलं होतं. ती देवघराकडे पाठ करून बसली. ते बघून मी ठरवलं, मोदकही मोजायचे. तांदळाची पिठी २५० ग्रॅम, त्यात साधारण २०० ग्रॅम कार्ब, म्हणजे कर्बोदकं. गूळ २५० ग्रॅम, त्याचे २२५. खवलेल्या नारळाचे १५. एकूण ४४०. मोदक २१, म्हणजे एकात २१ ग्रॅम. तिला १० ग्रॅम कार्बला १ युनिट इन्सुलिन लागतं. हे प्रमाण तिचं आहे, दुसऱ्या मुलाचं वेगळं असेल. इन्सुलिन जेवणाआधी १५ मिनिटं घ्यायचं, आणि आरती लांबली तर पानावर बसण्याआधीच शुगर घसरायची. म्हणून मंत्रपुष्पांजली सुरू झाली की इन्सुलिनचं पेन हातात घ्यायचं, आधी नाही. वरून तूप आणि आत नारळ, म्हणून साखर सावकाश चढते, तेव्हा दोन-तीन तासांनी पुन्हा बोट टोचायचं.

यंदा गूळ सासूबाईंनीच काट्यावर तोलला. चष्मा पुसून आकडा दोनदा वाचला. मी पाऱ्या करत होते, त्या सारण भरत होत्या, लेक ओट्याशी वही घेऊन उभी. एकविसावा मोदक चाळणीत ठेवल्यावर त्यांनी पातेल्यात डोकावलं.

"अगं, सारण उरलंय की. उकडही आहे. बाविसावा होतोय. मग आता कितीनं भागायचं?"

लेकीनं वहीत आधीचा आकडा खोडला.

"बावीसनं, आजी. वीस येतात. मला दोन, म्हणजे चार युनिट."