लस फक्त बाळांसाठीच नसते!

दहावीतला मुलगा पायात खिळा घुसला म्हणून दवाखान्यात येतो. सोबत आई असते. ‘धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली?’ असे विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, ‘लहानपणी सगळे डोस पुरे झालेत, डॉक्टर.’ त्या माउलीने आपले कर्तव्य चोख केलेले असते. पण लहानपणीच्या लसीचे संरक्षण आयुष्यभर पुरत नाही, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

बाळाला दीड, अडीच व साडेतीन महिन्यांचे असताना आणि पुढे दीड-दोन वर्षांच्या व पाच-सहा वर्षांच्या वयात धनुर्वात आणि घटसर्प यांविरुद्ध लस मिळते. कालांतराने शरीरातील प्रतिकारशक्ती ओसरत जाते. तिला उजाळा देण्यासाठी वयाच्या 10 व्या आणि 16 व्या वर्षी ‘टीडी’ लसीचा एकेक डोस घ्यावयाचा असतो. पूर्वी या वयात केवळ धनुर्वाताची ‘टीटी’ लस देत असत. आता तिच्या जागी टीडी आली आहे. तीत घटसर्पाविरुद्धचा अंशही असतो.

धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात. खोल जखमेत शिरल्यावर ते विष तयार करतात. प्रथम दातखीळ बसते, मग सर्व अंगाचे स्नायू ताठरतात आणि श्वास घेणेही कठीण होते. हा रोग एकापासून दुसऱ्याला होत नाही. त्यामुळे शेजारच्यांनी लस घेतली म्हणून आपण सुरक्षित, असे येथे चालत नाही. इतकेच नव्हे, तर एकदा धनुर्वात होऊन बरा झालेल्यालाही लस घ्यावीच लागते, कारण या आजाराने पुरेशी प्रतिकारशक्ती येत नाही. घटसर्प मात्र खोकल्या-शिंकण्यातून पसरतो. घशात करडा पडदा तयार होऊन श्वास अडतो, हृदयालाही इजा पोहोचते.

पालक काही शंका वारंवार विचारतात.

लसीने आजार होईल का? नाही. या लसीत जिवंत जंतू नसतात, निष्प्रभ केलेले विष असते.

त्रास होतो का? दंड एक-दोन दिवस दुखतो, थोडी सूज किंवा किंचित ताप येतो. तो आपोआप जातो.

मुलींना पुढे मूल होण्यात अडचण येते का? मुळीच नाही. उलट गरोदरपणातही टीडी देतात, म्हणजे आई व बाळ दोघांचे रक्षण होते.

सर्दी-पडसे असेल तर? किरकोळ सर्दीसाठी लस टाळू नये. मात्र जास्त ताप असेल किंवा पूर्वी लसीची तीव्र ॲलर्जी आली असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे.

या वयातील काही मुलांना सुई पाहूनच घेरी येते. हा लसीचा दोष नव्हे, भीतीचा परिणाम असतो. मुलाला खाऊन पाठवावे, लस बसवून द्यावी आणि नंतर अर्धा तास तेथेच थांबावे.

एक महत्त्वाची गोष्ट. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आता कडेवरचे बाळ नाही. ‘चल, इंजेक्शन आहे’ एवढे म्हणून त्याला ओढत नेऊ नये. कशासाठी, कशापासून, हे त्याला समजावून सांगावे. त्याच्या मनातली भीती हसण्यावारी नेऊ नये. ज्याला कारण पटते, तो पुढच्या वेळी स्वतःहून येतो, आणि मित्रालाही घेऊन येतो.

टीडी लस सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. आजच कपाटातले लसीकरण कार्ड काढून पाहावे. कार्ड हरवले असेल किंवा डोस चुकला असेल, तरी संकोच न करता आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातील नर्सबाईंना विचारावे. खिळा लागण्याची वाट पाहू नये.